भर मोसमातली रजा

४ सप्टेंबर

आज ऑफिसात जाहीर करून टाकलं. डिसेंबरअखेर निवृत्त झालो की फेब्रुवारीत बेटावर जाणार आणि विंडसर्फिंग शिकणार. सगळे विचारून विचारून भंडावून सोडत होते, "रिटायर झाल्यावर काय करणार साहेब?" आता कळलं असेल. काउंटरवेटला चहाचा ठसका लागला. (काउंटरवेट म्हणजे माझा टेबलाशेजारचा सहकारी. लिफ्टला दुसऱ्या बाजूने तोलून धरणाऱ्या जड वजनाचं हे नाव. लिफ्ट तपासणी खात्यात दुसरं काय टोपणनाव मिळणार, आणि त्याच्या वजनाला ते शोभतंही.) म्हणाला, "साहेब, या वयात लोक बागेत चालायला जातात." मी म्हटलं, "बागेत चालून माणूस बाकावर पोचतो, आणखी कुठे जात नाही."

विंडसर्फिंग म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागलं. एक लांब फळी, तिच्यावर उभं केलेलं शीड, ते दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि वारा नेईल तसं, खरं म्हणजे आपण सांगू तसं, पाण्यावरून जायचं. मुळात हा तोलाचा आणि ताणाचा प्रश्न आहे. लिफ्टपेक्षा वेगळं काही नाही.

त्या बेटावर आमचे चिरंजीव हेच शिकवतात, हा भाग मी त्याला सांगितला नाही.

५ सप्टेंबर

हिला सांगितलं. ही इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"त्याला कळवलंत?"

"कळवायचं काय? ग्राहक म्हणून जाणार. त्यांची शाळा आहे, नाव नोंदवायचं, शिकायचं."

"अहो, चार वर्षांनी मुलाला भेटणार आणि ग्राहक म्हणून?"

"त्याच्या धंद्यात ग्राहकच लागतात ना? मग."

"मी सांगू का त्याला?"

"खबरदार."

मला तो काम करताना बघायचा आहे. खबर देऊन गेलं की सगळे नीटनेटके वागतात, हे मला कुणी शिकवायला नको. लिफ्ट कंपनीतली चांगली नोकरी सोडून पोरगा समुद्रावर फळकुटावर उभा राहायला गेला, तेव्हा मी बोललो ते बोललो. बापाने बोलायचं नाही तर कुणी? त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. आता मी स्वतः त्याच फळकुटावर उभा राहायला निघालोय. याहून जास्त बापाने काय करायचं असतं? हे त्याचं त्याला कळेल. तोंडाने सांगत बसायची मला सवय नाही.

१९ सप्टेंबर

दोन आठवडे वाऱ्याचा अभ्यास केला. त्या बेटावर ऑक्टोबरात वारा रुसलेला असतो, डिसेंबरात लहरी, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत दिवसभर एका दिशेने, एका जोराने वाहतो. शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावरही लिहिलं आहे की हा त्यांचा ऐन मोसम, या काळात सगळे प्रशिक्षक हजर असतात, कुणालाही सुट्टी मिळत नाही. म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. ठरलं.

हिने विचारलं, "आणि मी काय करायचं तिथे?" म्हटलं, किनाऱ्यावर बस. ही म्हणाली, "बसेन. मला पुष्कळ झालं तेवढं." वाद न घालता इतक्या लवकर कधी मानत नाही. बहुधा हिलाही हवाबदल हवा असावा.

२ ऑक्टोबर

सराव सुरू. एक जाड फळी आणली, खाली लोखंडी पाइपाचा तुकडा ठेवला, त्यावर तोल सांभाळत उभं राहायचं. शिडाच्या जागी पडद्याचा दांडा. पहिल्या दिवशी सोफ्यावर पडलो, दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या मागे. आज बराच वेळ उभा राहिलो, पण तेवढ्यात बेल वाजली आणि लक्ष गेलं.

दारात खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. खालीच त्यांचा दवाखाना आहे. म्हणाले, "काका, वर काय चाललंय? मी पेशंटच्या तोंडात ड्रिल घालतो आणि नेमकं छताला धाडकन काहीतरी होतं. एकाने माझं बोट चावलं."

"विंडसर्फिंग," मी म्हटलं.

ते फळीकडे बघत राहिले, पडद्याच्या दांड्याकडे बघत राहिले, आणि मान हलवत खाली गेले. ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "हे असं त्याला एकदा दाखवायला हवं हो. तुमचा एक फोटो काढून पाठवू?" मी नको म्हटलं. नीट जमल्याशिवाय दाखवायचं नाही.

२० ऑक्टोबर

शाळेच्या पानावर फोटो आहेत. आज एकेक मोठा करून पाहिला. चौथ्या की पाचव्या फोटोत तो आहे. काळा झाला आहे. खांदे भरले आहेत, केस मात्र न्हाव्याला दाखवायला हवेत. एका मुलीला शीड कसं उचलायचं ते दाखवतोय आणि हसतोय. हसताना याचा पुढचा एक दात किंचित आडवा दिसतो, तो लहानपणी झोक्यावरून पडला होता तेव्हापासूनचा.

आमच्याकडे असा हसायचा की नाही, आठवत नाही.

२३ ऑक्टोबर

तोच फोटो पुन्हा पाहत होतो तर लक्षात आलं, त्याच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. मग डोळा तपासायला लागला तो थांबेना. डोलकाठीच्या बुडाशी जो जोड असतो त्याचा दोर झिजलेला दिसतो, तंतू सुटलेत. मुलगी अनवाणी, बाजूला दगड. आणीबाणीसाठी बोट हवी, ती चौकटीत कुठेच नाही.

बसून शाळेच्या मालकीणबाईंना सविस्तर लिहिलं. कोणत्या फोटोत, कोणता प्रशिक्षक, काय चूक. भाषा अदबीची, पण मुद्दे स्पष्ट. खाली हुद्द्यासकट सही केली. तो दोर तुटला तर डोलकाठी सरळ डोक्यात येणार. कुणीतरी बघायला नको का त्याच्याकडे?

हिला वाचून दाखवलं. हिने चष्मा काढला.

"पाठवलंत?"

"मग काय लोणचं घालू?"

"त्याच्या मालकिणीला? त्याचीच तक्रार?"

"तक्रार नव्हे. तपासणीचे मुद्दे आहेत."

"आणि एक ओळ, कसा आहेस वगैरे?"

"ते विचारायला त्या बाईंचा काय संबंध?"

ही उठून गॅलरीत गेली आणि आधीच वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

२८ ऑक्टोबर

उत्तर आलं. बाईंनी आभार मानलेत. प्रशिक्षकांच्या बैठकीत माझं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, संबंधिताला समज दिली, दोर बदलला आणि तो फोटो पानावरून काढून टाकला. याला म्हणतात काम. काउंटरवेटला दाखवलं. तो म्हणाला, "तुमच्या तावडीतून समुद्रही सुटला नाही साहेब."

फोटो मात्र खरंच काढला. त्या जागी आता नुसतंच पाणी आहे. सकाळी चहाबरोबर तो उघडून बघायची सवय लागली होती. आज दोनदा चुकून तिथे गेलो.

९ नोव्हेंबर

एका हॉस्पिटलची लिफ्ट तपासायला गेलो होतो. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीसचा वास, कबुतरांची घाण आणि पत्र्यावर वाऱ्याची धडधड. माझ्या हाताखालून किती लिफ्टा गेल्या, पण मी पास केलेल्या लिफ्टमध्ये कुणी जखमी झालं नाही. ही गोष्ट कुणी कधी बोलून दाखवत नाही, कारण न झालेल्या अपघाताला कोण हार घालणार! शेरा मारला की लोकांची तोंडं वाकडी होतात, तेवढंच लक्षात राहतं. मशीनरूमच्या दारात उभं राहून वाऱ्याकडे तोंड केलं आणि हात शीड धरल्यासारखे पुढे धरले. लिफ्टमन खालून वर आला, तेव्हा हात खिशात घातले.

१७ नोव्हेंबर

मी आंघोळीला गेलो की हिचा फोन वाजतो. नेमका तेव्हाच. आज नळ बंद करून टॉवेल शोधत होतो तर ऐकू आलं, "तसं नाही रे त्यांच्या मनात. त्यांची पद्धतच तशी."

बाहेर येऊन विचारलं, कोण होतं? म्हणाली, भाचा. त्याचं ऑफिसात वरिष्ठांशी काहीतरी बिनसलंय. चारचौघांत अपमान झाला म्हणे. मी म्हटलं, आजकालच्या पोरांची कातडीच पातळ. त्याला सांग, वरचा माणूस बोलतो ते भल्यासाठीच बोलतो, ज्याची पर्वा नसते त्याला कुणी बोलत नाही. हिने फोन पदराने पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "सांगते. पण तुम्हीच का नाही सांगत त्याला?" म्हटलं, तुझा भाचा, तू सांग.

३१ डिसेंबर

सुटलो एकदाचा. निरोपसमारंभ झाला. भाषणात तीन जणांनी माझ्या कडक शिस्तीचं कौतुक केलं आणि तिघांच्याही चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. काउंटरवेटने सगळ्यांच्या वतीने भडक नारिंगी लाइफ जॅकेट भेट दिलं, ते तिथेच अंगात घालायला लावलं आणि टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. शिवण तपासली, चांगली आहे.

घरी आल्यावर फोन हातात घेऊन बसलो होतो. बऱ्याच लोकांचे आले. हिला सहज विचारलं, "तुझ्या चिरंजीवांना माहीत आहे का, आज काय आहे ते?"

"माहीत आहे. शुभेच्छा दिल्यात त्याने."

"काय म्हणाला?"

"म्हणजे अशा शब्दांत नाही. पण होतं त्याच्या बोलण्यात."

शब्दांत नसलेल्या शुभेच्छा म्हणजे काय, ते काही मला समजलं नाही. मोसम जवळ आलाय, कामात असेल.

८ जानेवारी

नाव नोंदवलं. दोघांची राहायची सोय, माझी आठवडाभराची शिकवणी. प्रशिक्षक कोण हवा असं विचारतात, तिथे लिहिलं, आमच्याच आडनावाचे जे आहेत ते. लिहिताना छातीत धडधडलं, हे इथे लिहायला हरकत नाही. तो किनाऱ्यावर उभा असेल, यादीत नाव वाचून मान वर करेल आणि मी नारिंगी जॅकेट घालून समोर. काय बोलायचं तेही ठरवलं आहे. मी म्हणणार, "बोला सर, सुरुवात कुठून करायची?" सर म्हणणार मी त्याला. एवढं मी ठरवलं आहे.

११ जानेवारी

शाळेचं उत्तर: त्या आठवड्यात ते प्रशिक्षक रजेवर आहेत. दुसरे देतो.

दुसरे काय करायचेत! कळवलं, पुढचा आठवडा चालेल.

१३ जानेवारी

पुढच्या आठवड्यातही रजा. मार्चचा पहिला आठवडा विचारला.

१५ जानेवारी

मार्चच्या पहिल्या आठवड्यातही रजा! हा काय कारभार आहे? ऐन मोसमात कुणाला सुट्टी नाही असं पानावर छापायचं आणि एका माणसाला लागोपाठ रजा द्यायची? ही बाई शाळा चालवते की धर्मशाळा? खरमरीत पत्र लिहायला घेतलं. मग एकदम मनात आलं, आजारी तर नसेल? पाठ गेली असेल. पडला असेल. तो दोर. अर्धं पत्र तसंच टाकून स्वयंपाकघरात गेलो. हिला विचारलं, "खरं सांग. त्याला काय झालंय?"

ही भांडी घासत होती. पाणी बंद केलं नाही. पाठ फिरवूनच म्हणाली, "काही झालेलं नाही. धडधाकट आहे."

"मग रजा कसली?"

"तुम्ही यादीत आहात म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग ही वळली, आणि इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम आलं. आंघोळीच्या वेळचा तो फोन भाच्याचा नव्हताच, त्याचाच होता. त्या बैठकीत माझं पत्र वाचलं, तेव्हा खालचं आडनाव ऐकून सगळे याच्याकडे बघायला लागले. त्याची तिथली सगळी इज्जत धुळीला मिळाली. नोंदणीत माझं नाव दिसलं, त्या संध्याकाळी त्याने मालकिणीच्या हातापाया पडून रजा मागितली. मी तारीख बदलली की तोही बदलत होता. "बिनपगारी, अहो! आणि पुढच्या मोसमात एकही सुट्टी घेणार नाही असं लिहून देऊन."

"मी काय त्याला खायला जाणार होतो?"

"ते मी सांगून थकले. तो म्हणतो, आई, ते शिकायला येत नाहीत, तपासायला येतायत."

मी खूप ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. खालच्या डॉक्टरांचं ड्रिल बंद पडलेलं ऐकू आलं.

१६ जानेवारी

हिचा यावर विश्वास आहे, माझा नाही. आईचं मन, पोराच्या एका वाक्यावरून महाभारत रचेल. रजेला हजार कारणं असतात. एखादी मुलगी असेल. दुसरी नोकरी बघत असेल. शाळेत राजकारण असेल. बापाचं नाव वाचून माणूस पळून जातो, असं कुठे असतं का?

एखादी लिफ्ट कारणाशिवाय मधेच अडत असेल, तर आम्ही तर्क लढवत बसत नाही. एक एक भाग सोडवून बाजूला काढायचा आणि लिफ्ट चालवून बघायची. जो काढल्यावर चालते, त्यात दोष.

शाळेला दोन ओळी लिहिल्या. माझा गुडघा दुखावल्यामुळे मी येऊ शकत नाही. पत्नी एकटी येईल, मुळात ठरलेल्याच आठवड्यात, तिला शिकायचं नाही, किनाऱ्यावर बसेल. बाकी काही नाही. हिला सांगितलेलं नाही. आता बघू कोण खरं ते.

१७ जानेवारी

उत्तर जेवणाआधीच आलं. मालकीणबाई लिहितात, गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. एक आनंदाची बातमी मात्र आहे. आमच्या त्या प्रशिक्षकांनी आज सकाळी आपली रजा रद्द केली. बाईंना घ्यायला ते स्वतः विमानतळावर येतील आणि राहायची सोय हॉटेलात न करता त्यांच्याच घरी करणार आहेत. समुद्राकडची खोली रिकामी करून रंगवायला घेतली आहे.

पुन्हा वाचलं. कुठे काही राहिलंय का ते पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

हिच्यासमोर फोन ठेवला. हिने वाचलं आणि तोंडावर हात घेतला. मग माझ्याकडे बघून हात खाली घेतला आणि चेहरा सरळ केला, पण डोळे काही सरळ होईनात.

"गुडघा कधीपासून दुखतोय तुमचा?"

"कालपासून."

 हिने माझ्या गुडघ्याला खरोखर दुखत असल्यासारखा हात लावला.

दुपारभर घरात खुडबुड चालू होती. ही स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होती, तिथे ऊन फार असेल का विचारत होती, सुती कपडे बाजूला काढत होती, त्याचा आवडता जाड टॉवेल अजून कुठेतरी आहे म्हणून कपाट उपसत होती. मधेच गुणगुणत होती. मी खोलीत आलो की थांबायची. मी बॅगेचं चाक तपासून दिलं, कुरकुरत होतं, तेल घातलं.

आणि मी वाट बघत होतो. खोटं कशाला लिहू, दिवसभर वाट बघत होतो. ही एकदा म्हणेल, अहो, असं काय करता, चला तुम्हीही, मी समजावते त्याला. मी आढेवेढे घेणार होतो, दोनदा नाही म्हणणार होतो, आणि मग चलतो म्हणणार होतो. टॉवेल सापडला तेव्हा वाटलं, आता म्हणेल. कपड्यांच्या घड्या मोजत माझ्याजवळ येऊन बसली तेव्हाही वाटलं.

जेवायला बसल्यावर ही म्हणाली, "आठवडाभर एकटे आहात, जेवणाचं काय कराल?"

मी म्हटलं, करीन काहीतरी.

"मग मी दोन आठवडे राहू का हो?"

राहा म्हटलं.